कोरियन समकालीन कलावंतांवर गंभीर लेखन उभं करायचं असेल तर : कामाचा क्रम

३० मे १९६८. सोलमधल्या 'से सी बाँ' नावाच्या संगीतगृहात जंग कांगजा ही पंचविशीतली चित्रकर्ती अर्धनग्न उभी राहिली, जमलेल्या लोकांनी तिच्या अंगावर पारदर्शक फुगे चिकटवले आणि नंतर ते फोडले. कोरियातल्या सुरुवातीच्या हॅपनिंग्जपैकी, म्हणजे लोकांसमोर प्रत्यक्ष घडवलेल्या कलाकृतींपैकी, हे एक. त्या काळच्या वृत्तपत्रांना आणि साप्ताहिकांना त्यात कलेपेक्षा चटकदार बातमी जास्त दिसली. १९७० मध्ये तिचं एकल प्रदर्शन अधिकाऱ्यांनी उतरवायला लावलं. २०१७ मध्ये ती गेली. २०२३ मध्ये सोलच्या राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयात, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये, १९६०-७० च्या कोरियन प्रायोगिक कलेचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात तिचं काम होतं. ते पाहायला ती नव्हती.

हा लेख लिहिताना ती सतत डोळ्यांपुढे आहे. कलावंत हयात असताना, कागद घरात असताना, साक्षीदार बोलू शकत असताना कोणी बसून कालक्रम लावतो का, त्याच्या श्रमाचे पैसे कोणी देतं का, यावर पुढच्या पन्नास वर्षांची समज ठरते. मराठीत लिहिणारे, भाषांतर करणारे, दिवाळी अंक काढणारे, कला महाविद्यालयात शिकवणारे आणि अशा कामाला चार पैसे द्यायची इच्छा असणारे, अशा सगळ्यांसाठी मी हा क्रम मांडतो आहे. कोरियन कलेवर मराठीत कशाला, असं कोणी विचारलं तर त्याला सांगावं की दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाच्या, म्हणजे ग्वांगजू बिनालेच्या, २००८ च्या आवृत्तीत मुंबईचे रणजित होस्कोटे क्युरेटर होते आणि २०१२ च्या सहा कलासंचालिकांपैकी एक मुंबईच्या नॅन्सी अदजानिया होत्या. मुंबईतून ग्वांगजूला वाट गेलेली आहे, तिच्याबद्दल मराठीत वाचायला मात्र फारसं काही नाही.

पहिलं काम : एक कलावंत, एक प्रश्न

'कोरियन समकालीन कला' हा विषय घेऊ नका. त्या नावाखाली लिहिलेलं सगळं शेवटी चार ठरलेल्या परिच्छेदांत जाऊन बसतं: एकरंगी चित्रं, व्हिडिओ-कलेचे नाम जून पाइक, ग्वांगजू, मग आजचे जागतिक तारे. एकच नाव घ्या आणि त्याच्यापुढे एकच प्रश्न ठेवा.

नाव निवडताना कशावर भरपूर लिहिलं गेलंय आणि कशावर नाही, याचा अंदाज हवा. एकरंगी चित्रांचा, म्हणजे दान्सेख्वाचा, प्रवास त्यासाठी उपयोगी आहे. १९७५ मध्ये टोकियोत पाच कोरियन चित्रकारांचं पांढऱ्या रंगावरचं प्रदर्शन झालं. तेव्हा हे नाव रूढ नव्हतं. ते २००० च्या ग्वांगजू बिनालेच्या सुमारास समीक्षक यून जिनसप यांनी वापरात आणलं, २०१२ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाच्या सोलजवळच्या ग्वाचन इथल्या मोठ्या प्रदर्शनाने ते पक्कं केलं, आणि २०१५ मध्ये व्हेनिस बिनालेच्या काळात तिथल्या एका राजवाड्यात भरलेल्या प्रदर्शनानंतर ते लिलावगृहांच्या तोंडी बसलं. म्हणजे जे १९७० च्या दशकात घडलं त्याचं बारसं पंचवीस वर्षांनी झालं. त्यामुळे 'दान्सेख्वा चळवळीत सामील झाले' असं वाक्य १९७५ च्या संदर्भात लिहिणं चूक आहे, आणि ती चूक कित्येक सुंदर छापलेल्या पुस्तकांत सापडते.

याच्या उलट मिन्जुंग कला, म्हणजे सामान्य लोकांच्या लढ्याशी जोडलेली कला. लष्करी हुकूमशाहीविरुद्धच्या १९८० च्या ग्वांगजू उठावानंतरची, कारखान्यांत आणि रस्त्यावर नेलेली चित्रं, ओ यून (१९४६-१९८६) यांचे लाकडी ठसे, मोर्चात उंचावरून सोडलेली भलीमोठी टांगती चित्रं. कोरियन भाषेत यावर पुष्कळ आहे, बाहेरच्या भाषांत त्या मानाने थोडं. प्रायोगिक पिढीतल्या स्त्रियांवर त्याहून थोडं. सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला असा की जिथे बाजार अजून पोचलेला नाही, तिथे आधी जा. तिथे तुमची शंभर पानंसुद्धा कोणाच्या तरी कामी येतील.

प्रश्न छोटा आणि हाताला लागणारा असावा. चित्रकार हा जोंग-ह्यन यांनी चित्रासाठी गोणपाट का निवडलं? ते रंग मागच्या बाजूने दाबून जाड विणीतून पुढे काढतात, १९७४ पासून ही मालिका चालू आहे, तिला ते 'जपहाप' म्हणजे सांधा, जोड असं म्हणतात. ते कापड कोणत्या बाजारात मिळायचं, युद्धानंतर मदतीच्या धान्याची पोती आणि त्याचा काय संबंध, इथून सुरुवात केली की सौंदर्यशास्त्र आपोआप जमिनीवर राहतं. अध्यात्म, शांतता, पौर्वात्य मन असे शब्द पहिल्या मसुद्यात येऊच देऊ नका.

दुसरं काम : नावांचा तक्ता

हे काम सगळ्यांना किरकोळ वाटतं. माझ्या मते पहिला आठवडा फक्त यालाच द्यावा.

कोरियन नावात आडनाव आधी येतं, आणि मोजकी आडनावं प्रचंड लोकांत वाटलेली आहेत. रोमन लिपीत लिहिण्याच्या निदान दोन पद्धती आहेत: १९३० च्या दशकातली मॅक्यून-राइशाउअर आणि कोरियन सरकारने २००० मध्ये आणलेली. त्यातून प्रत्येक कलावंत आपलं नाव स्वतःला हवं तसं लिहितो. जंग कांगजाचं आडनाव रोमनमध्ये 'जंग', 'चुंग', 'जेओंग' अशा तिन्ही वळणांनी सापडतं. दान्सेख्वाचं पहिलं अक्षर कुठे 'डी' तर कुठे 'टी' असतं. एकच वळण शोधलंत तर निम्मं साहित्य हाती लागत नाही.

वहीत किंवा तक्त्यात प्रत्येक नावासाठी इतके रकाने करा: हंगुल लिपीतलं रूप, हांजा म्हणजे चिनी अक्षरांतलं रूप, कलावंत स्वतः वापरतो ते रोमन रूप, सरकारी पद्धतीचं रोमन रूप, जुन्या पद्धतीचं रोमन रूप, जन्मवर्ष आणि तुम्ही ठरवलेलं देवनागरी रूप. हांजाचा रकाना गाळू नका. हंगुलमध्ये सारखी दिसणारी दोन माणसं चिनी अक्षरांत वेगळी निघतात. गेटी संस्थेची कलावंतांच्या नावांची सूची ताळा करायला चांगली आहे.

देवनागरी रूपाकडे विशेष लक्ष द्या, कारण इथे आपल्याला मोठी सोय आहे. कोरियनमध्ये साधा आणि महाप्राण असा फरक अर्थ बदलतो, आणि आपल्याकडे ख, छ, थ, फ तयार आहेत. रोमन लिपी ज्यासाठी धडपडते ते आपण एका अक्षरात लिहितो. मात्र साधं व्यंजन शब्दाच्या सुरुवातीला 'क' कडे आणि स्वरांच्या मध्ये 'ग' कडे झुकतं, तेव्हा एकदा ठरवून शेवटपर्यंत तसंच ठेवा. 'पार्क' मधला र कोरियन उच्चारात नाहीच, तो 'पाक' आहे. 'ली' हे आडनाव दक्षिण कोरियात 'ई' असं उच्चारलं जातं, म्हणून ज्या चित्रकारांना जग ली उफान म्हणतं ते तिकडे 'ई उह्वान' आहेत. जगभर रुळलेलं रूप बदलायचा हट्ट नको, मीही इथे रुळलेलंच वापरतो आहे. पण पहिल्या उल्लेखाच्या वेळी मूळ उच्चार सांगून टाकावा.

तिसरं काम : कागद शोधणं

घरबसल्या बरंच मिळतं, हे आधी सांगतो. सोलला जाण्याआधी निदान तीन महिने पडद्यासमोर काढा, नाहीतर तिकडे गेल्यावर महागडे दिवस सोपे कागद शोधण्यात जातात.

कोरियन विद्यापीठांतले प्रबंध 'रिस' या राष्ट्रीय शोधसेवेवर सापडतात, त्यातले अनेक पूर्ण वाचता येतात. नियतकालिकांतल्या शोधनिबंधांसाठी कोरियाच्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची 'केसीआय' ही सूची आहे. बहुतेक निबंधांना इंग्रजी सारांश जोडलेला असतो, त्यामुळे कोरियन न येणाऱ्यालाही कोण काय म्हणतंय याचा नकाशा काढता येतो. खासगी संग्रहांपैकी 'डीबीपिया' मोठा आहे, तो बहुधा एखाद्या ग्रंथालयाच्या सभासदत्वातून उघडतो.

माझ्या लेखी सर्वांत मौल्यवान जागा म्हणजे 'नेव्हर' या कंपनीचं जुन्या वृत्तपत्रांचं ग्रंथालय. १९२० ते १९९९ या काळातले 'डोंगा', 'ग्यंगह्यांग' यांसारख्या दैनिकांचे अंक तिथे पानासकट पाहता येतात. जंग कांगजाचं नाव तिथे १९६८ च्या मे-जूनमध्ये शोधा आणि बातमीबरोबर तिच्या आजूबाजूचं पानही वाचा. शेजारी कोणती जाहिरात आहे, मथळ्यात कोणतं विशेषण लावलंय, छायाचित्र कसं कापलंय, हे सगळं पुरावा आहे. मात्र त्या बातमीला घटनेची नोंद समजू नका. ती त्या काळच्या नजरेची नोंद आहे.

एक अडचण इथे येते. १९६०-७० च्या दशकांतली वृत्तपत्रं आणि कॅटलॉग हंगुल आणि चिनी अक्षरं मिसळून छापलेले असतात. सुरुवातीपासून संपूर्ण हंगुलमध्ये आणि आडव्या ओळींत निघालेलं मोठं दैनिक म्हणजे 'हांग्योरे', आणि ते १९८८ चं. आज सोलमध्ये वाढलेल्या तरुण सहायकालाही जुनी पानं अडखळत वाचावी लागतात. म्हणून अंदाजपत्रकात हांजा वाचणाऱ्या माणसाचे तास वेगळे धरा. हा खर्च अनुदानाच्या अर्जात कोणी लिहीत नाही आणि मग काम तिथेच अडतं.

मासिकांपैकी वास्तुकार किम सू-गन यांनी नोव्हेंबर १९६६ मध्ये सुरू केलेलं 'कोंगगान', म्हणजे 'अवकाश', चाळलंच पाहिजे. 'एजी' या अवाँगार्द, म्हणजे रूढ कलेपुढे जाऊ पाहणाऱ्या, गटाने १९६९ पासून स्वतःचं नियतकालिकही काढलं होतं. अशा गटांनी स्वतः छापलेला मजकूर पहिल्या प्रतीचा मानावा, कारण त्यात नंतरचं शहाणपण मिसळलेलं नसतं.

प्रत्यक्ष जायचं ठरलं तर तीन ठिकाणं. राष्ट्रीय संग्रहालयाचं संशोधन केंद्र आणि अभिलेखागार. सोल कला संग्रहालयाने २०२३ मध्ये प्यंगचांग-दोंग भागात उघडलेलं स्वतंत्र कला अभिलेखागार. आणि किम दाल-जिन यांचं कला संशोधन संग्रहालय. शाळकरी वयापासून मासिकांतली चित्रं कापून जमवणाऱ्या एका माणसाच्या छंदातून ते उभं राहिलं. मोठ्या संस्थांनी न ठेवलेली निमंत्रणपत्रं, घडीपत्रकं, पानभर कॅटलॉग तिथे आहेत. गेलेल्या प्रदर्शनाची नेमकी तारीख कित्येकदा फक्त निमंत्रणपत्रावर सापडते.

कोरियाबाहेरही कागद आहेत. थेरेसा हाक क्यंग चा (१९५१-१९८२) यांचा संग्रह कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या विद्यापीठाच्या कला संग्रहालयात आहे. हाँगकाँगचं २००० मध्ये सुरू झालेलं एशिया आर्ट आर्काइव्ह तर आपल्या ओळखीचं असायला हवं. त्यांनी बडोद्याच्या गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट, के. जी. सुब्रमण्यन यांचे खासगी कागद डिजिटल करून ठेवले आहेत. बडोद्याचे कागद त्यांनी कसे लावलेत ते आधी पाहा, मग कोरियन साहित्याकडे वळा. कागदपत्रांची नोंद कशी करतात याचा वस्तुपाठ ओळखीच्या नावांवर लवकर कळतो.

चौथं काम : तारखा तपासणं

'किस मी' नावाचं जंग कांगजाचं शिल्प आहे: प्रचंड लाल ओठ, त्यांत दात, मध्ये बाईचं डोकं. ते १९६७ च्या डिसेंबरमध्ये तरुण कलावंतांच्या संयुक्त प्रदर्शनात होतं. आज ते जिथे दिसतं तिथे पाटीवर '१९६७/२००१' असं असतं. मधल्या तिरक्या रेघेचा अर्थ मूळ वस्तू उरली नाही, आपण पाहतो ती नंतर पुन्हा घडवलेली आहे. त्या पिढीच्या कामांत ही रेघ वारंवार भेटते, कारण कलावंतांकडे साठवायला जागा नव्हती, विकत घ्यायला कोणी नव्हतं आणि प्रदर्शन संपलं की वस्तू टाकून दिल्या जात. पृष्ठभागाबद्दल, रंगाच्या लकाकीबद्दल तुम्ही जे लिहाल ते कोणत्या वर्षाच्या वस्तूबद्दल आहे, ते वाक्यात स्पष्ट करा.

पाइक यांचा 'दादाइकसन' हा मनोरा याच प्रश्नाचं दुसरं रूप. १९८८ मध्ये ग्वाचनच्या संग्रहालयात उभारलेला, १,००३ दूरचित्रवाणी संचांचा. जुन्या काचनळ्या जळत गेल्या, २०१८ मध्ये तो बंद करावा लागला, दीर्घ दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उजळला. काही नळ्या दुरुस्त केल्या, काहींच्या जागी नवे सपाट पडदे बसवले. मग हे काम १९८८ चं की २०२२ चं? दुरुस्तीचा अहवाल वाचल्याशिवाय यावर मत देऊ नये.

वयाचा घोळही लक्षात ठेवा. कोरियात जन्मताच एक वर्ष आणि दर नववर्षाला आणखी एक, अशी वयमोजणी रूढ होती. २०२३ मध्ये कायद्याने आंतरराष्ट्रीय पद्धत सर्वत्र लागू केली. म्हणून जुन्या मुलाखतीत कलावंत 'तेव्हा मी सव्वीसचा होतो' म्हणाला, तर ते आपल्या हिशेबाने चोवीस किंवा पंचवीस असू शकतं. वयावरून वर्ष काढू नका, वर्षावरून वय काढा.

पाचवं काम : भाषांतर, आणि तेही शक्यतो थेट

या कामाला पाठिंबा द्यायचा तर सर्वांत आधी भाषांतरकाराला द्या. इंग्रजीतून मराठीत आणलेला कोरियन समीक्षक दोनदा गाळलेला असतो, आणि तो दुसऱ्यांदा गाळण्याची गरजच नसते. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, विभक्तीसारखे प्रत्यय नामाला मागून चिकटतात, आदर क्रियापदात दिसतो. मराठी माणसाला ही घडण घरची वाटते. लांब वाक्याचा जो डोलारा इंग्रजीत मोडून तीन तुकड्यांत मांडावा लागतो, तो मराठीत अनेकदा जसाच्या तसा उभा राहतो.

एका ठिकाणी मात्र आपण फसतो. मराठीत कर्ता गाळला तरी 'गेलो', 'गेली' यावरून माणूस कळतो. कोरियन क्रियापद ना पुरुष सांगतं ना लिंग. यंत्रभाषांतर तिथे अंदाजाने 'तो' घालतं. स्त्री-कलावंतांवरच्या लेखांत हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता यंत्राचा मसुदा हाती आला की पहिल्यांदा सर्वनामं तपासतो. 'पापागो' सारखी साधनं मजकुराचा विषय ओळखायला वापरा, उद्धृत करण्यासाठी कधीच नाही.

संज्ञांची एक यादी करून सगळ्यांनी ती पाळावी. तीन उदाहरणं देतो. पाक सॉबो (१९३१-२०२३) यांच्या प्रसिद्ध मालिकेचं परदेशात रुळलेलं नाव 'एक्रित्यूर', फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ लेखन. कोरियन नाव 'म्योबप', रेखाटण्याची रीत. फक्त फ्रेंच नावावर विसंबून त्या ओल्या रंगातल्या पेन्सिलीच्या रेघांना 'लिखाण' म्हणत सगळा लेख रचला, तर कोरियन वाचकाला तो परका वाटेल. दोन्ही नावं द्या आणि त्यांच्यातल्या अंतरावर बोला. 'यॉबेक' म्हणजे चित्रात राखलेली जागा; तिला 'रिकामी' म्हटलं की चुकलं, 'राखलेली' किंवा 'सोडलेली' बरं. आणि 'मिन्जुंग'. इथे मराठीकडे लोक, जन, रयत, बहुजन असे कितीतरी शब्द आहेत. 'बहुजन' सर्वांत जवळचा वाटतो, पण त्याच्या पाठीमागे फुले-आंबेडकरांपासूनचा आपला इतिहास उभा आहे, आणि कोरियन शब्दामागे त्यांचा. म्हणून माझा आग्रह: शब्द मिन्जुंगच ठेवा, पहिल्यांदा आला की अर्धं पान खर्च करून समजावा, आणि तुलना करायची तर उघडपणे, वेगळ्या परिच्छेदात करा.

भाषांतरकाराचं नाव मुखपृष्ठावर, नाही तर निदान शीर्षकपानावर हवंच. मानधन शब्दांवर ठरवावं आणि निम्मं आगाऊ द्यावं. संपादनाची दुसरी फेरी कोरियन मूळ समोर ठेवूनच व्हावी, तिचे पैसे वेगळे.

सहावं काम : मुलाखत

१९३० आणि ४० च्या दशकांत जन्मलेले कलावंत आज ऐंशी-नव्वदीत आहेत. प्रायोगिक पिढीतले किम कू-लिम १९३६ चे, ली कन-योंग १९४२ चे. हे काम पुढे ढकलता येत नाही.

आधी कोरियाच्या कला परिषदेच्या, म्हणजे आर्कोच्या, मौखिक इतिहासाच्या नोंदी पाहा. जे आधीच सांगून झालंय ते वयोवृद्ध माणसाकडून पुन्हा वदवून घेऊ नये. संबोधन नुसत्या नावाने कधीच नको. 'सनसेंग-निम' म्हणजे आपल्याकडचं गुरुजी किंवा सर. बुजुर्ग चित्रकाराला 'ह्वाबेक' असंही म्हणतात. घरी जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

'तुमची प्रेरणा काय?' असं विचारू नका. जुनं छायाचित्र किंवा निमंत्रणपत्र समोर ठेवा आणि विचारा: हा उजवीकडचा माणूस कोण? हे कापड कुठून आणलं होतं? प्रदर्शनाच्या दिवशी पोलीस आले होते का? वस्तू समोर आली की आठवण सरळ बोलायला लागते. ध्वनिमुद्रणाची लेखी परवानगी घ्या, त्यात मुद्रण कुठे ठेवलं जाईल आणि कोणता भाग किती वर्षं बंद राहील हेही लिहा. हुकूमशाहीच्या काळाबद्दल बोलताना तिसऱ्या माणसाचं नाव येतं. ते छापायचं की नाही, हे त्या माणसाच्या घरच्यांचाही विचार करून ठरवायला हवं.

सातवं काम : पैसा, आणि त्याचा मजकुरापासूनचा दुरावा

या लेखात मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच. कलेवरची देखणी पुस्तकं बरीचशी विक्रीदालनांच्या पैशातून येतात. त्यांतली काही खरोखर उत्तम असतात, चांगल्या अभ्यासकांनी लिहिलेली असतात. तरीही जो चित्र विकतो त्याच्याच पैशातून त्या चित्राची समीक्षा लिहिली गेली, तर एक प्रश्न कोणीच विचारत नाही: हे काम फसलंय का?

लिहिणाऱ्याच्या शब्दाला बाजारात प्रमाणपत्राची किंमत येते, हे कोरियाने फार कटूपणे पाहिलं आहे. १९९१ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयातलं एका सुंदर स्त्रीचं चित्र आपलं नाही, असं खुद्द चित्रकर्ती चन क्यंग-जा (१९२४-२०१५) यांनी सांगितलं, संग्रहालयाने ते त्यांचंच मानलं, आणि वाद त्यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिला. २०१६ मध्ये उलट घडलं. पोलिसांनी बनावट ठरवलेली १३ चित्रं पाहून ली उफान यांनी ती आपलीच असल्याचं सांगितलं. अशा वादांत आधार लागतो तो कोणाचाही हितसंबंध नसलेल्या, वेळच्या वेळी लिहिलेल्या सूचीचा. कोणतं चित्र कुठे दिसलं, कोणाकडे गेलं, मागच्या बाजूला काय लिहिलंय, माप किती. ही सूची करणाऱ्याला पगार द्या. माझ्याकडे मदतीसाठी एकच रक्कम असती तर मी ती चकचकीत छपाईला न देता या माणसाला दिली असती.

सार्वजनिक पैशाच्या जागा अशा: कोरियाच्या संस्कृती मंत्रालयाखालची, २००६ मध्ये स्थापन झालेली कोरिया आर्ट्स मॅनेजमेंट सर्व्हिस, तिचं क्षेत्र कोरियन कलेचा परदेशातला प्रसार, प्रकाशन आणि भाषांतर; १९७३ मध्ये सुरू झालेल्या प्रतिष्ठानातून २००५ मध्ये आजच्या रूपात आलेली कला परिषद आर्को, परदेशी अभ्यासकांना प्रत्यक्ष संशोधनासाठी आणि भाषा शिकण्यासाठी पाठ्यवृत्त्या देणारं, १९९१ चं कोरिया फाउंडेशन, आणि संग्नाम इथली कोरियन अध्ययन अकादमी. अटी दर वर्षी बदलतात, म्हणून जुन्या अर्जाच्या नमुन्यावर भिस्त ठेवू नका, त्या वर्षीची सूचना मूळ कोरियनमध्ये वाचा. भारतात दिल्लीचं कोरियन सांस्कृतिक केंद्र आणि चेन्नईचं इनको हे भारत-कोरिया सांस्कृतिक केंद्र ही पत्र लिहिण्याजोगी ठिकाणं आहेत. व्याख्यान, ग्रंथदान, ओळखीची पत्रं अशा मदतीची विचारणा तिथे करून पाहावी.

अर्जात खर्चाचे मथळे मी या क्रमाने लिहितो: भाषांतर, सहायकाचे तास, हांजा वाचन, प्रतिमांचे हक्क, प्रवास, संपादन, छपाई. भाषांतराला एकूण रकमेचा निदान तिसरा हिस्सा मागा. छपाईचा आकडा शेवटी ठेवला की परीक्षकालाही कळतं की तुम्हाला पुस्तकाच्या आतलं महत्त्वाचं वाटतं.

पैसा खासगी असेल, मग तो दालनाचा असो, संग्राहकाचा असो की कलावंताच्या कुटुंबाचा, तर काम सुरू होण्याआधी एक पानी करार करा. त्यात चार गोष्टी. देणाऱ्याला तथ्यांच्या चुका दाखवण्याचा हक्क आहे, मत बदलण्याचा नाही. अंतिम मसुदा लेखक आणि संपादक ठरवतील. पैसा कोणी दिला ते पुस्तकात पहिल्या पानांत छापलं जाईल. आणि लेखक त्या कलावंताचं काम विकत घेणार नाही, विक्रीत वाटाही घेणार नाही. चौथं कलम ऐकून समोरचा नाराज झाला, तर तो पैसा नाकारणंच बरं.

आठवं काम : प्रतिमांचे हक्क

कोरियात २०१३ पासून हक्कांची मुदत निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं आहे, भारतात ६०. म्हणजे समकालीन म्हणावं अशा जवळपास प्रत्येक कामाला परवानगी लागते. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ संशोधन आणि समीक्षेसाठी रास्त वापराला जागा देतं, पण तिच्या आधाराने सोलच्या वारसदाराला न विचारता रंगीत पुस्तक काढू नये. कायद्यात बसलं तरी नातं तुटतं, आणि पुढच्या अभ्यासकासाठी दार बंद होतं.

हॅपनिंगच्या छायाचित्रात हक्क दोन असतात: करणाऱ्याचा आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाचा. दोघांची, किंवा दोघांच्या वारसांची, वेगवेगळी परवानगी घ्या. जंग कांगजाच्या त्या संध्याकाळच्या छायाचित्रांबाबत आणखी एक विचार करावा. जी कात्रणं तिला बदनाम करायला छापली होती, तीच तशीच मोठी करून मुखपृष्ठावर लावली तर आपण १९६८ चंच साप्ताहिक पुन्हा काढतो. आत, छोट्या आकारात, पूर्ण पानाच्या संदर्भासह छापावं असं मला वाटतं. मुखपृष्ठासाठी तिची नंतरची चित्रं आहेत.

नववं काम : छापणं आणि पोचवणं

पाचशे प्रतींचं साधं, नीट शिवलेलं पुस्तक पुरतं. शेवटी शब्दसूची हवी, त्यात प्रत्येक कोरियन नाव देवनागरी आणि हंगुल अशा दोन्ही रूपांत. त्यामुळे मराठी न येणारा कोरियन ग्रंथपालही पुस्तक नोंदवू शकतो. भारतात आयएसबीएन राजा राममोहन राय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती द्यायच्या असतात, त्या टाळू नका. तीस वर्षांनी तुमचं पुस्तक कोणाला मिळालं तर बहुधा तिथेच मिळेल. कोरियन आणि इंग्रजीत दोन-दोन पानांचा सारांश जोडा. विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीकोशात, कलावंताच्या नोंदीत मराठी नाव भरायला पाच मिनिटं लागतात.

एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकाला पंचवीस पानं देण्याची तयारी असेल तर तेही पुस्तकाइतकंच मोलाचं, फक्त तळटीपा कापू देऊ नका.

प्रती आल्या की पहिल्या पाच बाजूला काढा. एक मुलाखत दिलेल्या कलावंताला किंवा त्यांच्या घरच्यांना, एक ग्वाचनला, एक किम दाल-जिन संग्रहालयाला, एक हाँगकाँगला, एक जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या ग्रंथालयाला. प्रत्येक प्रतीत कोरियन भाषेतलं अर्ध्या पानाचं पत्र ठेवा: आम्ही कोण, हे कोणत्या भाषेत आहे, यात कोणाबद्दल काय आहे, आणि चूक आढळल्यास कुठे कळवावं. घरच्यांना पाठवलेल्या प्रतीत त्यांच्या माणसाचं नाव ज्या पानांवर आलंय, तिथे कागदाच्या पट्ट्या घालून द्या.